भटकंतीचा मिश्र जातीचा घोडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यत नको, वरातही नको. सकाळी सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून), कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेने, नदीकाठाने दोन-तीन तास फिरायला एक भरवशाचा घोडा हवा. गोव्यातल्या लोकांकडून या बाबतीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे ३५० किलोच्या घोड्याचे समजा.

१. भटकंतीचा घोडा म्हणजे नेमका कसला? घोडा तो घोडाच ना?

शर्यतीचा घोडा दोन मिनिटांत अंगातलं सगळं देऊन टाकतो. वरातीचा घोडा गर्दीत नाचायला शिकलेला असतो. भटकंतीच्या घोड्याला तीन तास एकसारखं चालायचं असतं, आणि तेही बहुतेक वेळ कदमचालीत, म्हणजे ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. मधे सपाट वाट मिळाली तर दुडकी. भरधाव पळण्याची गरज वर्षातून दोनदा पडली तरी पुष्कळ. त्याची खरी परीक्षा उतारावर होते. पाय कुठे ठेवायचा ते त्याचं त्याला कळलं पाहिजे, लगाम खेचून सांगावं लागू नये.

२. ‘मिक्स’ म्हणून विकतात त्यात असतं काय? आणि गोव्यात हे घोडे येतात कुठून?

बहुधा मारवाडी, काठेवाडी किंवा सिंधी रक्त, त्यात कुठे थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या जातीचा अंश, कुठे भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टाचा. कानांची टोकं आत वळून एकमेकांकडे झुकलेली दिसली तर बहुधा मारवाडी किंवा काठेवाडी रक्त आहे. अर्धवट वळलेले कान ही मिश्र घोड्याची नेहमीची खूण. छाती अरुंद, पाय लांब, कातडी पातळ असेल तर थरोब्रेडचा अंश जास्त. आखूड मान, रुंद पाठ, काळे टणक खूर दिसले तर दख्खनी तट्टू.

खरेदी बहुतेक घाटावरच्या बाजारांतून होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत, तसंच अकलूजला. गोव्यात घोड्यांची पैदास कधीच रुजली नाही, व्यापार मात्र जुना. सोळाव्या शतकात होर्मुझकडून आलेले अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगर-विजापूरकडे जात. या घोड्यांसाठी १५४७ मध्ये पोर्तुगीज आणि विजयनगर यांच्यात तहसुद्धा झाला होता. घोडा इथे उतरायचा, इथे राहायचा नाही. याला दमट हवाही कारण आहे, ती भानगड प्र. ९ मध्ये.

३. संकरित घोडा जातिवंतापेक्षा दणकट असतो हे खरं का?

अर्धं खरं. दोन दूरच्या रक्ताच्या आई-बापांचं शिंगरू पुष्कळदा जास्त काटक निघतं, आणि एकाच घराण्यात वारंवार जोड लावल्याने वर येणारे दोष त्यात दबलेले राहतात. पण हा फायदा पहिल्या पिढीत सर्वांत ठळक असतो. संकराला संकर लावला की पुढचं शिंगरू कोणावर जाईल याचा नेम नाही.

शिवाय अवयवांचा मेळ बसेलच असं नाही. थरोब्रेडचं लांब, जड धड आणि काठेवाडीच्या पायांच्या बारीक नळ्या एकाच जनावरात आल्या तर दोन पावसाळ्यांत पुढचे पाय सुजायला लागतात. म्हणून ‘मिश्र आहे, चिंता नाही’ असं सांगणाऱ्या दलालाला ऐकून घ्या आणि पाय स्वतः चाचपून बघा. समोर उभा आहे तो घोडा विकत घ्यायचा असतो, त्याची जात नव्हे.

४. भरवशाचा स्वभाव ओळखायचा कसा? शांत वाटलेला घोडा घरी आणल्यावर उधळतो, असं का होतं?

बाजारात शांत दिसणारा घोडा चार कारणांनी शांत असतो. एक, तो खरोखर स्थिर डोक्याचा आहे. दोन, रात्रभर टेम्पोत उभा राहून थकलाय. तीन, त्याला शामक औषध टोचलंय. चार, मार खाऊन खाऊन त्याने प्रतिक्रिया द्यायचंच सोडलंय. पहिला हवा, उरलेले तीन नकोत.

कान बघा. स्थिर घोड्याचा एक कान पुढे वाटेकडे आणि एक मागे माणसाकडे असतो, आणि ते सतत अदलाबदल करतात. दबलेल्या घोड्याचे कान बाजूला पडून राहतात, आवाज झाला तरी हलत नाहीत, डोळा उघडा पण रिकामा. औषध दिलेल्याचा खालचा ओठ लोंबतो, मान खाली जाते, आणि वळवताना मागचे पाय एकमेकांत अडकतात. थकलेल्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी लागतो. म्हणून घोडा एकदाच पाहून घेऊ नका. सकाळी बघा, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी दुपारी, न सांगता जाऊन.

साधी चाचणी अशी. जमिनीवर एक फळी किंवा निळी ताडपत्री टाका आणि घोड्याला सैल दोराने तिच्याकडे न्या. उधळणारा घोडा दहा फुटांवरूनच पाठ फिरवतो. दबलेला न बघता तुडवून जातो. हवा असलेला घोडा थांबतो, मान खाली घालतो, नाकपुड्या फुलवून फळीचा वास घेतो, एक पाय उचलून तिच्यावर टकटक करतो आणि मग पलीकडे जातो. मधले दहा-वीस सेकंद त्याला द्यावे लागतात. भटकंतीच्या घोड्याचा सगळा भरवसा त्या थांबण्यात आहे. घाबरणं त्याला चुकत नाही, पण घाबरल्यावर तो आधी बघतो, पळायचं की नाही ते नंतर ठरवतो. गवताखाली दडलेला खड्डा किंवा सुटलेला चिरा असाच घोडा वेळेवर सांगतो.

५. दिसायला साधाच असतो, कागदपत्रही नाहीत. मग लोक त्याच्यावर एवढा जीव का लावतात?

त्याच्यासोबत दिवस बरा जातो म्हणून. सकाळी लगाम घालायला गेलं की पळापळ नाही, खोगीर आवळताना चावत नाही, घरी परतताना ओढून पळत नाही. मारवाडी-काठेवाडी रक्तातून कधी कधी रेवाल चाल येते. वेग दुडकीचा, पण बसणाऱ्याला धक्के नाहीत; कंबर दुखणाऱ्यांना ती एकदा मिळाली की दुसरा घोडा नको वाटतो. रंगाचं म्हणाल तर पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) असला काय आणि मळकट कुम्मैत (तांबूस-तपकिरी) असला काय, चढ दोघांनाही सारखाच. बाजारात मात्र पंचकल्याणीसाठी जास्तीचे पैसे लागतात. ते पैसे खोगिरावर घाला (प्र. १४).

६. घेताना काय काय तपासायचं, क्रमाने सांगा.

मोकळ्यावर, कडक जमिनीवर घोडा सैल दोराने सरळ चालवा, मग दुडकीत न्या. डोकं वर-खाली झटकत असेल तर पुढचा पाय दुखतोय: दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. मागून बघताना एक कुल्ला जास्त उसळत असेल तर दुखणं मागच्या पायाचं.

चारही खूर उचलायला सांगा. उचलू देत नसेल तर नालबंदाकडे रोज कुस्ती होणार. टाप कुजल्याचा वास येतो का ते हुंगा (प्र. १३). मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर बोटं दाबत न्या. एका ठिकाणी अंग दबलं किंवा कान मागे गेले तर तिथे जुनी जखम आहे. वशाटीजवळ, म्हणजे मान आणि पाठ जुळतात त्या उंचवट्याजवळ, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर खोगिराने पाठ लागून बरी झालेली आहे.

दोन्ही डोळ्यांसमोर, वारा न लागेल असा हात हलवून पापणी लवते का बघा. पोटाखाली आणि पायांवर सूज असेल, अंगावर मांस नसेल आणि तरी विकणारा ‘प्रवासाने उतरलाय’ म्हणत असेल तर सर्रा या आजाराची शंका घ्या.

शेवटी, आणि हे टाळू नका, पशुवैद्याकडून रक्त घेऊन ग्लँडर्सची तपासणी. हा आजार माणसालाही होतो. २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याखाली तो सरकारला कळवावा लागतो, आणि घोडा बाधित निघाला तर त्याला मारावंच लागतं. घोड्यांच्या आजारांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था हिसारला आहे. नमुना पुढे कुठे जातो ते तुमचे पशुवैद्य सांगतील. अहवाल हातात येईपर्यंत पैसे देऊ नका आणि घोडा घाट उतरवू नका.

७. वय दातांवरून कळतं म्हणतात. कितपत?

पाच वर्षांपर्यंत बऱ्यापैकी अचूक. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला जोडीजोडीने पडतात. पाचव्या वर्षी तोंड भरतं. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीजवळ एक उभी तपकिरी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते. वाळू-खडीत चरलेल्या घोड्याचे दात लवकर झिजतात, तिथे हा हिशेब दोन-तीन वर्षांनी चुकतो. पहिलाच घोडा घेत असाल तर सात ते चौदामधला घ्या. चार वर्षांचा ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून नवशिक्याने घेऊ नये.

८. माझं वजन ८५ किलो. हा घोडा मला पेलेल का?

माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं ठेवा. घोड्याचं वजन टेपने काढता येतं: पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो. म्हणजे खोगिरासकट ६२ किलो.

तुमचे ८५ आणि खोगिराचे १० धरले तर ४७५ किलोचा घोडा लागेल. मिश्र घोड्यांत तो विरळा. लहान, सपाट फेरी कदमचालीत होऊ शकते, पण सत्तरी तालुक्यातला चढ नको. घाटात उतरून पायी चाला, घोडाही खूश आणि वजनही उतरेल. लादण्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांत तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त लादायला मनाई आहे, काटेरी लगाम वापरायलाही मनाई आहे, आणि ३७ अंशांवर तापमान गेलं तर दुपारी १२ ते ३ जनावराकडून काम घ्यायचं नाही.

उंचीबद्दल एवढंच: हात म्हणजे चार इंच, आणि १४ हातांचा घोडा बहुतेकांना पुरतो. उंच घोड्यावर चढताना दरवेळी दगड शोधावा लागतो, हेही लक्षात घ्या.

९. गोव्याच्या दमट हवेत घोडा टिकतो का?

टिकतो, पण पहिले तीन आठवडे त्याला हवेची सवय होऊ द्यावी लागते. घोडा मुख्यतः घामाने थंड होतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. १५० च्या पुढे गेली की घामाचा उपयोग कमी होतो, १८० च्या पुढे स्वारी बंद. मे महिन्यात ९१ अंश आणि ७५ टक्के म्हणजे १६६. जानेवारीतली सकाळसुद्धा १५० च्या आसपास भरते, म्हणून थंडीतही पहाटेचीच वेळ धरा.

परतल्यावर नाडी मोजा: जबड्याच्या आतल्या कडेला बोटांनी शीर पकडा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा. विश्रांतीत २८ ते ४४ असते. थांबल्यावर पंधरा मिनिटांत ती ६० च्या खाली आली नाही तर चाल जास्त झाली. अंगावर थंड पाणी ओतत राहा, सावलीत, वारा लागेल अशा जागी. गरम घोड्यावर थंड पाणी टाकलं की पायात गोळे येतात हा समज चुकीचा आहे. पाणी प्यायलाही द्या.

एक धोका घाटावरच्या विक्रेत्यांना माहीत नसतो. कोरड्या मुलखातून आलेल्या काही घोड्यांचा घाम इथे आल्यावर बंद पडतो. अंग कोरडं, फार तर मानेवर किंवा मांड्यांच्या मधे थोडी ओल, आणि उभ्या उभ्या कुत्र्यासारखी धाप. असा घोडा आळशी नसतो, आजारी असतो. पंखा, सावली, पाणी, क्षार आणि पशुवैद्य. उन्हाळा संपेपर्यंत त्याच्यावर बसू नका. दोन उन्हाळे हेच झालं तर त्याला पुन्हा कोरड्या हवेत पाठवणं हाच उपाय.

१०. एका दिवसात किती चालवावं?

तयारी झालेला घोडा १५ ते २० किलोमीटर सहज जातो. नवा असेल तर पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास कदमचाल, मग दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवा. दम लवकर वाढतो. शिरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), हाडं, खूर यांना महिने लागतात. महिन्याभरात ‘आता तयार झाला’ म्हणून दुडकीत दामटणारे पुढच्या महिन्यात पाय शेकत बसतात.

११. भाताचा पेंढा घरचा आहे, तोच घातला तर चालेल?

फक्त तोच नाही. पेंढ्यात पोषण कमी आणि सिलिका (वाळूतलं खनिज) जास्त. रोज साधारण सात किलो सुका चारा लागतो. त्यातला फार तर तिसरा हिस्सा पेंढा, बाकी चांगलं सुकं गवत. हत्तीगवत, म्हणजे नेपियर, गोव्यात दुभत्या जनावरांसाठी सर्रास लावतात. ते घोड्याला एकट्याने महिनोन्‌महिने घालू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं, घोडा हाडांतून कॅल्शियम काढतो आणि जबडा फुगायला लागतो. गायीला चालतं ते घोड्याला चालतंच असं नाही. नुसता कोंडा घातल्यानेही हेच होतं.

दाणा, म्हणजे भिजवलेला हरभरा, ओट्स, थोडा कोंडा, दिवसाला दीड-दोन किलो, दोन किंवा तीन वेळांना वाटून. मीठ ३०–४० ग्रॅम. पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात जास्त. चारा बदलायचा तर सात-दहा दिवसांत हळूहळू. बुरशी आलेली गंजी किंवा मका घोड्याला घालायचाच नाही, वरची काढून खालचीसुद्धा नाही.

कण्हेर मात्र आवारातून मुळासकट काढा. देवळाशेजारी आणि हायवेच्या दुभाजकावर असते ती. तिची मूठभर पानंही घोड्याचा जीव घेऊ शकतात. घाणेरीही वाईट.

१२. नाल मारायची की अनवाणी ठेवायचा?

वाट बघून ठरवा. जांभ्याचा खडबडीत सडा आणि चिऱ्याची खडी खूर झिजवते. आठवड्यात चार-पाच दिवस तिथे फिरणार असाल तर पुढच्या पायांना तरी नाल हवी. उलट शेवाळलेल्या ओल्या चिऱ्यावर लोखंडी नाल सटकते, तिथे अनवाणी खूर बरा धरतो. मातीच्या वाटा आणि कुळागरांच्या कडा असतील तर अनवाणी चालतं.

दोन्ही बाबतींत सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापावा लागतो, नाल असेल तर ती काढून, खूर कापून पुन्हा ठोकायची. खूर महिन्याला नऊ-दहा मिलिमीटर वाढतो. खिळा पांढऱ्या रेषेच्या (खुराची भिंत आणि तळ जुळतात तिथली रेष) बाहेरच बसला पाहिजे. आत गेला तर लंगडणं त्याच दिवशी किंवा चार दिवसांनी पू झाल्यावर सुरू होतं. धनुर्वाताची लस दरवर्षी द्या, घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. आणि घोडा घेण्याआधी नालबंद ठरवा. गोव्यात घोडा मिळतो, नालबंदासाठी महिनाभर थांबावं लागतं.

१३. पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर लांबची भटकंती बंद ठेवा. वाटा निसरड्या असतात आणि सोडून दिलेल्या चिरेखाणी पाण्याने भरून तळ्यासारख्या दिसतात. घोड्याला मात्र रोज हालचाल हवी, उघडीप मिळाली की आवारातच चालवा.

टापेच्या मधल्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकट मळ दिसला की ती कुजायला लागली. रोज खूर खरवडा, ब्रशने धुवा, कोरडा करा आणि पशुवैद्याने दिलेलं औषध लावा. पण तबेल्याची जमीन ओली असेल तर औषधाचा काही उपयोग नाही. जमीन अर्धा फूट उंच, उतार देऊन, वर लाकडाचा भुसा.

पाऊस ओसरला की गोमाश्या वाढतात आणि सर्रा पसरतो. येऊन-जाऊन ताप, वाळत जाणं, पोटाखाली सूज ही लक्षणं. ताप असतानाच रक्त तपासा. निरोगी घोड्याचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश असतं. घरात थर्मामीटर ठेवा आणि आठवड्यातून दोनदा नोंद करा. दर वेळी एकाच वेळेला.

१४. खोगीर कोणतं घ्यावं? स्थानिक चालेल का?

खोगीर महाग की स्वस्त हे घोड्याला कळत नाही. ते पाठीवर बसतं की नाही हे मात्र कळतं. माणूस बसल्यावर वशाटीवर दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे आणि कण्याच्या रेषेवर कुठेही टेकलं नाही पाहिजे. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदम आवळू नका: आधी सैल, थोडं चालवून पुन्हा, बसण्याआधी शेवटचा. दोन बोटं आत जातील एवढाच.

फेरीनंतर खोगीर काढून पाठीवरच्या घामाकडे बघा. सगळीकडे सारखी ओल असेल तर ठीक. ओल्या पाठीत तळहाताएवढा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतोय, आणि चार-पाच फेऱ्यांत तिथे पाठ लागेल. ओली गादी दुसऱ्या दिवशी तशीच घालू नका. गोव्यात गादी वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दोन गाद्या ठेवा.

१५. चालता चालता मधेच अडतो. अडेल तट्टू म्हणून सोडून द्यायचं का?

आधी कारण शोधा. उन्हातल्या सड्यावरून गर्द झाडीत शिरताना घोडा थांबतो, कारण उजेडातून अंधारात त्याची नजर स्थिरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. थोडं थांबा, चालायला लागतो. पाण्याजवळ अडतो, कारण खोली त्याला कळत नाही. आधी माणसाने उतरून पलीकडे जावं किंवा दुसरा घोडा पुढे घालावा. लाकडी साकवावर अडला तर बहुतेक वेळा तोच बरोबर असतो, फळ्या बघा. गव्याचा वास आला तरी अडतो, तेव्हा गुपचूप मागे फिरा.

या सगळ्याशी संबंध नसताना रोज त्याच फाट्यावर, घराच्या दिशेला तोंड करून अडत असेल तर ती खोड. तिथेच दोन-तीनदा गोल फिरवा, पुढे दहा पावलं गेला की शाबासकी द्या. मारल्याने फाटा अधिक भीतीचा होतो. अचानक सुरू झालेलं अडणं वेगळं, त्यासाठी प्र. १९.

१६. किनाऱ्यावर किंवा खाजनाच्या (खाडीलगतच्या भातशेताच्या) बांधावर न्यायला हरकत आहे का?

ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उत्तम. कोरड्या भुसभुशीत वाळूत पायाच्या शिरा ताणतात, तिथे दहा मिनिटं कदमचाल पुरे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात, तिथे नेऊ नका. परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा.

वाळूत चारा टाकू नका. पोटात वाळू साचून शूळ उठतो. शंका असेल तर लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात विरघळवून टांगून ठेवा, तळाशी वाळू बसली तर दिसते.

खाजनाचा बांध अरुंद असतो आणि मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ) माती पोकळ झालेली असते. घोडा वळायला जागा नसेल तिथे नेऊच नका. तो घसरला तर चिखलात पोटापर्यंत जातो आणि मग त्याला काढायला गाव लागतो.

१७. अभयारण्यातून जाऊ देतात का?

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला: वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. वाट गावातून जात असली तरी हद्द तपासा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांमधून पसरतो. परतल्यावर स्वतःचं अंग बघा, आणि घोड्याचे कान, शेपटीखालची जागा, मांड्यांच्या आतली बाजूही.

१८. शिगम्यात घोडेमोडणीला आमचा खरा घोडा नेला तर?

घोडेमोडणीत नाचणाऱ्याच्या कमरेला लाकडी घोडा बांधलेला असतो. ती परंपरा तशीच छान दिसते. ढोल-ताशांत, रात्री, गर्दीत घोड्याला नेऊ नका. सवय करायचीच असेल तर शंभर मीटरवरून, दाणा खाता खाता, रोज थोडं जवळ.

१९. दहा वर्षं भरवशाचा होता, आता महिन्याभरात चावायला, अडायला लागला. स्वभाव बिघडला का?

स्वभाव असा महिन्यात बिघडत नाही, काहीतरी दुखतंय. तपासण्याचा क्रम असा. दाढांना धार आली का: घास अर्धा चावून टाकतो, लाळेत गवताचे बोळे पडतात. पाठ लागली का (प्र. १४). खूर: नुकती नाल मारली होती का. डोळे: एका बाजूच्याच गोष्टींना दचकतो का. घोडी असेल तर माजाचे दिवस.

मग पोट. जेवणानंतर पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून बघतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद कमी झाली, तर शूळ. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून तो थांबून बघण्याचा आजार नाही. चारा काढून घ्या, नाडी मोजा, लीद शेवटची कधी टाकली ते लिहून ठेवा आणि पशुवैद्याला फोन करा. नाडी ६० च्या वर असेल तर मध्यरात्रीसुद्धा. नळीने किंवा बाटलीने तोंडातून तेल ओतू नका, ते फुप्फुसात जातं. दहा मिनिटं हळू चालवायला हरकत नाही, तासभर फिरवून दमवू नका. लोळायला लागला तर टोकदार वस्तू आजूबाजूच्या हटवा आणि तुम्ही त्याच्या पायांपासून लांब राहा.